ढगाळ नऊ दिवसांचं पाणी

"आलोऽऽ! मित्सुऽऽ, आलो गं, थांबव तो डबा!"

धुक्यातून आधी आवाज यायचा, मग होडी. मित्सुए तेव्हा आठ वर्षांची होती. मे महिन्यातलं ओलं, दाट धुकं कोसेहामा गावाच्या धक्क्यावर उतरलं की स्वतःचा हात स्वतःला दिसत नसे. अशा वेळी ती धक्क्याच्या टोकाला उभी राहून रॉकेलचा रिकामा डबा काठीने बडवत राही, त्या नादावर बापाची होडी घराकडे वळावी म्हणून. बाप बोलणारा माणूस नव्हता. ओरडायचा तो गिन्जी, तिचा सतरा वर्षांचा भाऊ, होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर पाय रोवून. तो आवाज ऐकला की धक्क्यावरच्या बायका टोपल्या उचलायच्या, कुणी चूल पेटवायला पळायची. होडी अजून कुणाला दिसलेली नसायची. पण गिन्जी 'आलो' म्हणाला म्हणजे होडी आली. मित्सुए काठी खाली टाकायची आणि त्या आवाजाच्या दिशेने बघत राहायची. पांढऱ्यातून पांढरंच हलायचं, मग करडं व्हायचं, मग काळं, मग त्यातून भावाचे दात हसत बाहेर यायचे.

त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. बाप गेला, डबे गेले, त्सुनामीच्या लाटेच्या वर्षी तो धक्काही गेला आणि नवा बांधला गेला. आवाज तेवढा राहिला. आता तो रोज पहाटे पाचला रेडिओतून येई. नदीच्या वरच्या अंगाला, समुद्रापासून तीन किलोमीटर आत माशांची पिल्लं वाढवून सोडायची हॅचरी होती, आणि तिच्या छोट्या खोलीत मित्सुए चहाचा पेला दोन्ही हातांत धरून त्या आवाजाची वाट बघत बसे.

"हॅचरी, हॅचरी. मित्सु, उठलीस का?"

"तू मला उठवणार होय रे दादा! माझी पिल्लं चारलाच उठवतात. बोल."

"सात."

"सातच?"

"बादली टाकली, वर काढली, थर्मामीटर बुडवलं, शंभर आकडे मोजले. सात. आता समुद्राला शपथ घालू का?"

ती हसून वहीत सात लिही. गिन्जी खाडीच्या तोंडाशी मांडलेल्या मोठ्या जाळ्याचा तांडेल होता. हाताखाली अकरा खलाशी. पहाटे जाळं ओढायला होडी गेली की तिथलं पाणी मोजून बहिणीला कळवायचं, हे काम त्याने आपण होऊन अंगावर घेतलं होतं. पूर्वी तिथे सरकारी तरंगतं यंत्र होतं. हिवाळ्यातल्या वादळाने ते नेलं, ते परत आलं नाही.

त्या एका आकड्यावर साडेपाच लाख जीव टांगलेले होते.

गेल्या शरदात कोसे नदीत सॅमनच्या जेमतेम दोनशे बारा माद्या चढून आल्या. मित्सुए कामाला लागली त्या वर्षी नदी माशांच्या पाठींनी काळी व्हायची, पलीकडच्या तीरावर बोललेलं ऐकू येत नसे इतका त्यांचा सळसळाट. आता पाणी शांत वाहतं. त्या दोनशे बारांपैकी एकेकीला तिने स्वतःच्या हाताने उचललं, डोक्यावर लाकडी दांडक्याचा एक घाव घातला आणि घावासरशी 'एबिसु' म्हटलं, देवाचं नाव, तिच्या आधीच्या माणसांनी म्हटलं तसं. ते नाव घेतलं नाही तर माशाचा जीव वाट चुकतो म्हणतात. मग पोटातली केशरी अंडी, झऱ्याच्या पाण्यातला हिवाळा, काळे डोळे, इवल्या शेपट्या. आणि आता सहा हौदांत साडेपाच लाख बोटुकली, करंगळीएवढी, सगळी एका दिशेला तोंड करून प्रवाहात पोहणारी. सावली पडली की सगळी एकदम वळत, जशी काही एकाच आईने हाक मारलीय.

सॅमन जिथून समुद्रात जातो तिथेच चार वर्षांनी परत येतो. ज्या पाण्याचा वास घेऊन निघतो, तो वास हुंगत अर्ध्या जगाला वळसा घालून दारात उभा राहतो. ही साडेपाच लाख या नदीच्या पोटची शेवटची म्हणायची. ती गेली तर कोसेला परत येणारं कुणी उरणार नव्हतं.

आणि दार आता फार थोडे दिवस उघडं राहत होतं. समुद्र पाच अंशांच्या वर गेला की बोटुकल्यांनी निघायचं आणि तेरा होण्याआधी खाडीबाहेरचं कावळ्याचं टोक नावाचं भूशिर ओलांडून उत्तरेच्या थंड पाण्याला लागायचं. दहाच्या आसपासचं पाणी त्यांना सगळ्यात मानवतं; तेराच्या वर ती गळाठतात, खात नाहीत, मरतात. मित्सुएच्या तरुणपणी हे दार जूनच्या मध्यापर्यंत उघडं असे. आताशा दक्षिणेचं गरम पाणी जीभ काढून मेमध्येच वर चढतं, आणि ती जीभ टोकाला टेकली की वाट बंद. घाईने सोडावीत तर पिल्लं लहान पडतात, मोठी होऊ द्यावीत तर दार लागतं.

म्हणून उपग्रह. प्रांताच्या संशोधन संस्थेतली निइनुमा नावाची मुलगी (मुलगीच म्हणायची, एकोणतीस वर्षांची) रोज पहाटे मित्सुएकडून खाडीचा आकडा मागून घेई आणि सकाळी सहाला तिच्या फोनवर नकाशा पाठवी. आकाशातून कुणीतरी समुद्राच्या कपाळावर हात ठेवून ताप बघावा, तसा तो नकाशा. थंड तिथे निळा, मग हिरवा, पिवळा, आणि खालून वर येणारी तांबडी जीभ. पहिल्या वर्षी मित्सुए त्या रंगांना हसली होती. दुसऱ्या वर्षी तिने चष्म्याचा नंबर वाढवून घेतला, नकाशा नीट दिसावा म्हणून.

आणि एक करार होता. सहकारी संस्थेच्या सभागृहात सगळ्यांसमोर झालेला. मित्सुए 'सोडते' म्हणाली की त्याच दिवशी मोठं जाळं पाण्याबाहेर उचलायचं आणि बारा दिवस उचललेलं ठेवायचं, कारण बोटुकली त्या जाळ्याच्या भिंतींशी घोटाळतात आणि तिथे टपलेले मोठे मासे त्यांना गिळतात. कागदावर पहिला शिक्का गिन्जीने मारला होता. "माझ्या बहिणीची पोरं ती," तो म्हणाला होता. "मामाने वाट अडवली तर वर बापाला काय तोंड दाखवू?" सगळे हसले होते. मित्सुएही.

त्या शनिवारी पूर्वेचा गार वारा सुटला आणि आभाळ झाकलं गेलं. धुकं, वर ढग, ढगांवर ढग.

"सात," गिन्जी म्हणाला. "सोडतेस का आज?"

"सात असेल तर कशाला घाई? अजून चार दिवस खाऊ देते. वजन भरेल."

रेडिओ जरा वेळ नुसताच खरखरला.

"खाऊ दे," तो म्हणाला. "खाऊ दे बिचाऱ्यांना."

रविवारी सात. सोमवारी सात. मंगळवारी "सात, म्हण फार तर सव्वासात". मित्सुए हौदांच्या काठाने दाणे फेकत फिरे. फेकताना तिची आई जे गुणगुणायची तेच तिच्या ओठांवर येई:

*हळूहळू चाल, माझ्या ओढ्याच्या लेकरा,*
*समुद्राच्या घरी आधी निरोप जाऊ दे जरा.*

बुधवारी मात्र तिचं मन खाऊ लागलं. हॅचरीच्या मागच्या डोंगरावरची पांढरी फुलं केव्हाच गळून गेली होती, पाकोळ्या छपराखाली चिखल आणत होत्या. वाऱ्यात गारठा होता, तरी काहीतरी पुढे सरकलं होतं. एवढ्या पुढच्या दिवसांत समुद्र सातवर अडून बसतो? तिने नदीच्या मुखापर्यंत जाऊन हात बुडवून पाहिला, पण तिथे डोंगरावरचं वितळलेलं बर्फ येऊन मिळतं, ते पाणी जूनमध्येही हात गोठवतं. ते काय सांगणार!

मग तिने फोन काढला. ढगाळ दिवसांतही निइनुमाचा नकाशा येतच होता. रंग जरा फिक्कट, पण कोसेच्या खाडीवर स्वच्छ निळा ठिपका. सात.

तिने फोन खिशात टाकला. एक साक्षीदार आभाळातला, एक पाण्यातला, आणि दोघांचं म्हणणं एकच. मी म्हातारी होत चालले, संशयी होत चालले, ती मनाशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी रेडिओवर तिने भावाला हे सांगितलंसुद्धा.

"तुझ्यावर शंका घेतली रे मी काल. मग नकाशा बघितला, तर तोही सातच म्हणतोय. माफ कर हो म्हातारीला."

इंजिनाची धडधड तेवढी ऐकू आली, आणि मागे कुणीतरी काहीतरी ओरडलं, मोठ्या ओझ्याखाली माणसं ओरडतात तसं.

"एवढं काय माफ-बिफ," तो म्हणाला. "ठेवतो."

शुक्रवार, शनिवार, रविवार. साडेसात, साडेसात, पावणेआठ. ते शेवटचे दिवस मित्सुए हॅचरीतच राहत होती. गावात उतरली नाही. भात, समुद्री शेवाळाचं सूप आणि खारवलेला मुळा यावर तिचं चाललं होतं. बोटुकली टरारून फुगत होती. मंगळवारी सोडायचं तिने ठरवलं आणि तसं निइनुमाला कळवलं.

सोमवारी पहाटे रेडिओ वाजला नाही. साडेपाचला तिनेच हाक मारली, दोनदा. उत्तर नाही. मग तिने बाहेर पाहिलं तर ढग फाटले होते आणि डोंगराच्या कडेवर नऊ दिवसांत पहिल्यांदा ऊन बसलं होतं.

नकाशा सहाला आला. तिने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

तांबडा. दक्षिणेपासून कावळ्याच्या टोकापर्यंत, पलीकडेसुद्धा. गरम पाण्याची जीभ टोकाला टेकून वर वळली होती. किनाऱ्याला चिकटलेली एक बारीक पट्टी तेवढी राखाडी.

फोन लगेच वाजला.

"हाकोइशि-सान, तुम्ही बघितलंत?" निइनुमा तिला नेहमी आडनावानेच हाक मारी.

"बघतेय. बाई, काल हे सगळं निळं होतं. एका रात्रीत होतं का असं?"

"नाही होत. निदान आठवडा लागतो."

"मग काल तुमच्या उपग्रहाला निळं कसं दिसलं?"

ती मुलगी हळू बोलू लागली, लहान मुलाच्या पायातला काटा काढताना बोलतात तशी. "उपग्रहाला काल काहीच दिसलं नाही, हाकोइशि-सान. ढगांतून त्याला दिसत नाही. नऊ दिवस तो आंधळा होता, बाहेरच्या समुद्रावर मी त्याआधीचेच रंग ठेवले होते. आणि किनाऱ्यालगतची पट्टी तर त्याला कधीच नीट दिसत नाही, जमिनीची ऊब मध्ये येते. तिथे मी होडीवरचे आकडे भरते. तुम्ही रोज मला कळवता ते."

"मी कळवते ते..."

"तांडेलांचे. खाडीवरचा तो निळा रंग तांडेलांच्या आकड्यांचा होता. मला वाटलं, तुम्हाला हे माहीत आहे."

मित्सुए हौदाच्या काठावर बसली. बोटुकली सावलीसरशी वळली आणि पुन्हा सरळ झाली. साक्षीदार एकच होता. तिने भावाचा शब्द नकाशावर ताडून पाहिला होता, आणि नकाशा भावाच्या शब्दाने रंगवलेला होता. आरशात बघून तिने विचारलं होतं, हे खरं ना? आणि आरशाने मान डोलावली होती.

"आता ऐका," निइनुमा म्हणाली. "उत्तरेकडच्या हॅचरीशी मी बोललेय. त्यांच्या नदीबाहेर अजून नऊ आहे. त्यांच्याकडे रिकामे हौद आहेत. टाकीचे दोन ट्रक दहाला निघू शकतात. तिथून सोडली तर जगतील."

"आणि परत येतील तिथेच."

"हो. तिथेच."

"इथे कुणी येणार नाही."

"इथे सोडायची असतील तर ती राखाडी पट्टी थंड असायला हवी. तिच्यातून किनाऱ्याकिनाऱ्याने निसटतील. आज तिथे तेराच्या वर असेल तरी एकवेळ चालेल, गरम पाण्याची एखादी लाट आत येते आणि दुसऱ्या दिवशी मागे जाते. पण सलग दोन दिवस तेराच्या वर गेलं असेल, तर ते पाणी आता हलत नाही. आजचा आकडा मी कुणाकडूनही मोजून घेईन. मला कालचा हवाय. त्याआधीचे हवेत. तुमच्याकडचे खरे असतील तर—"

"नाहीत," मित्सुए म्हणाली. हा शब्द तोंडातून निघेपर्यंत तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास नव्हता.

तिने वही काखेत मारली आणि छोटा ट्रक काढला.

धक्क्यावर तामेओ पाइपाने खोकी धूत होता. गिन्जीच्या होडीवरचा सगळ्यात जुना खलाशी, चौऱ्याहत्तर वर्षांचा, तोंडात चारच दात.

"अगं मित्सु-चान! डोंगरावरनं अस्वल उतरलं की काय, म्हणून बघतोय मी!" तो हसला. तिचा चेहरा पाहून त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं.

खोक्यांत मासे होते. लांब, भरदार, निळ्या पाठीचे, कुशीवरून पिवळा पट्टा गेलेले, पिवळ्या शेपटीचे. दक्षिणेचे मासे. गरम पाणी आल्याशिवाय हा मासा या खाडीचं तोंड बघत नाही, हे कोसेहामात शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक असतं.

"कधीपासून येतायत हे, तामेओ-सान?"

तो पाइप उगाच दुसऱ्या हातात घेऊ लागला.

"कधीपासून?"

"झाला आठवडा. वर दोन दिवस." त्याने पाइप बंद केला. "शेजारच्या बंदरात उतरवत होतो आम्ही. आजच इथे आणले. तांडेल म्हणाला तिकडे भाव बरा. तुला... तुला नव्हतं माहीत? आम्हाला वाटलं तुमचं भावाबहिणीचं काही ठरलंय."

"काय ठरणार आमचं?"

"मला काय माहीत बाई! मी जाळं ओढतो. तीन वर्षांनी हातांना वजन लागलं, मी ओढत सुटलो."

जाळ्यांच्या शेडमध्ये गिन्जी एकटाच होता. पासष्ट वर्षांचा, पाठ अजून ताठ. पुढ्यात जाळ्याचा ढीग, हातात लाकडी सुई. विणीचा एक फाटका डोळा तो सांधत होता. मित्सुए आत आली तरी त्याने वर पाहिलं नाही. ती त्याच्यासमोर उलट्या खोक्यावर बसली.

"आज रेडिओवर आला नाहीस."

"यंत्र बिघडलंय."

"आणि थर्मामीटर?"

"तेही जुनंच आहे." त्याने गाठ ओढली. "काचेत भेग होती म्हणतात. मला चष्म्याशिवाय दिसत नाही नीट. सात काय, सतरा काय!"

"दादा."

"उपग्रह आहे ना तुझा? त्याला विचार. कोट्यवधी खर्चून वर टांगलाय. भावाची बादली कशाला लागते?"

"त्याला ढगांतून दिसत नाही. म्हणून तुझी बादली लागते. तुझ्या बादलीवर मी त्याला पारखलं, नि त्याच्यावर तुला. मी तुझी माफी मागितली, आठवतंय? गुरुवारी."

सुई थांबली.

"मी माफी मागितली," ती पुन्हा म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच बहुधा तो जास्त लागला. "आणि तू म्हणालास, एवढं काय माफ-बिफ. मागे तुझी माणसं जाळं ओढताना ओरडत होती. मी ऐकलं. मला वाटलं, आज बरी ओढ लागलीय दादाला. मला बरं वाटलं, दादा! मी आनंदाने दाणे टाकायला गेले."

गिन्जीने जाळं मांडीवरून खाली ढकललं. "अकरा माणसं आहेत माझ्याकडे," तो म्हणाला. "तीन वर्षं जाळं वर घेतलं की पाणी निथळायचं आणि आम्ही एकमेकांची तोंडं बघायचो. त्यांतले चौघे पुढच्या महिन्यात शहरात जाणार होते, गोदामात खोकी उचलायला. मग त्या शनिवारी पिवळ्या शेपटीचे आले. पहिल्याच दिवशी एवढे, की जाळं वर येईना. तामेओ रडत होता. त्या दिवशी खरं बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, सोडते. आणि मी त्या माणसांना म्हटलं असतं, उचला रे, बारा दिवस घरी बसा. म्हटलं, एक दिवस. एकच दिवस ओढू दे त्यांना, उद्या सांगू. उद्या पुन्हा जाळं भरून आलं."

"मला विचारायचंस."

"तू काय म्हणाली असतीस?"

"मला नाही माहीत. विचारलं असतंस म्हणजे कळलं असतं. कदाचित दोन दिवस दिले असते. कदाचित तुझ्या तोंडावर बादली फेकली असती. पण ते माझं मी केलं असतं." तिने वही मांडीवर घेतली. "तू माझ्याकडून ठरवायचं काम काढून घेतलंस आणि मला कळूही दिलं नाहीस. मी आपली काठावर बसून हिशेब करत होते, आज सोडू की उद्या, आणि उद्या तर तू कधीच तुझ्या जाळ्यात ओढून नेला होतास."

बाहेर तामेओने पाइप पुन्हा सुरू केला. पाणी खोक्यांवर वाजत राहिलं.

"शिव्या दे," गिन्जी म्हणाला. "सभेत सांग. माझं तांडेलपद काढून घेऊ देत. मी येतो शिक्का मारायला."

"मला शिव्या द्यायला वेळ नाही. दहाला ट्रक निघतात." तिने निइनुमाचं सगळं त्याला सांगितलं, उत्तरेची नदी, राखाडी पट्टी, दोन दिवस, तेरा अंश. सांगताना तिने वहीत खोचलेली पेन्सिल काढली. "काल तेराच्या आत असेल तर मी आत्ता जाऊन हौदांच्या फळ्या काढते. तुझं जाळं उचलायचं की नाही ते तुझं तू बघ, मी सोडणार. आणि वर असेल तर ती ट्रकमध्ये जातील, दुसऱ्या नदीची होतील. आपल्या नदीत दांडकं घेऊन उभं राहायला मग कुणाला काम नाही. चुकून इथे सोडली तर सगळी मरतील. चुकून तिथे पाठवली तर ही नदी मरेल. मला आकडा दे."

"मला आठवत नाहीत."

"तुला?"

तो खाली बघत होता.

"बाबांनी कुठल्या वर्षी कुठल्या खडकाशी कितीचा मासा काढला, ते तू झोपेत सांगतोस. तुला नऊ दिवसांचं पाणी आठवत नाही?"

"मित्सु, मागू नकोस. जे झालं ते झालं. ट्रकमध्ये घाल त्यांना, जगतील तरी. आकडे कशाला हवेत तुला? ते ऐकून तुला झोप येणार नाही."

त्या एका वाक्यात तिला कळलं की थर्मामीटर नीट होतं. काचेत भेग नव्हती. रोज पहाटे त्याने बादली टाकली होती, वर काढली होती, शंभर मोजले होते आणि खरा आकडा डोळ्यांनी पाहून मग रेडिओचं बटण दाबलं होतं. खोटं बोलण्याआधी तो रोज खरं काय ते नीट बघून घेत होता.

तिला उठून निघून जावंसं वाटलं. पण हौदात साडेपाच लाख तोंडं प्रवाहाकडे वळलेली होती.

"दादा, मी रागावायला नाही विचारत. तुला क्षमा करायलाही नाही. समुद्राबद्दल विचारतेय. ते पाणी फक्त तू बघितलंयस. आभाळातल्यानेही बघितलं नाही. तू नाही सांगितलंस तर ते कुणालाच कधी कळणार नाही."

तिने वहीचं ते पान उघडलं, जिथे एकाखाली एक सात लिहिले होते. प्रत्येकावर तिने रेघ मारली. बाजूला जागा मोकळी ठेवली. मग ती वाट बघत बसली.

गिन्जीने सुई खाली ठेवली. दोन्ही पंजे गुडघ्यांवर पालथे टाकले. मग बोलू लागला, तिच्याकडे न बघता, होडीवरून बोलायचा तसा, एकेक आकडा सुटा.

"शनिवार, नऊ. रविवार, साडेनऊ."

ती लिहीत होती.

"सोमवार दहा. मंगळवार दहा. बुधवार दहा."

पेन्सिल अडली. दहा. तीन दिवस सलग दहा. असं पाणी तिला गेल्या सात वर्षांत मिळालं नव्हतं. असं पाणी मिळावं म्हणून ती देवळाच्या पायऱ्या चढत होती. ते दाराशी येऊन तीन दिवस उभं राहिलं होतं. तिने ओठ दाबले आणि लिहिलं.

"गुरुवार सव्वादहा," गिन्जी म्हणाला. गुरुवारी त्याचा आवाज जरा बुडाला. "शुक्रवार अकरा. शनिवार पावणेबारा."

"काल?"

पाइपाचा आवाज बंद झाला होता. शेडच्या दारात तामेओ टोपी हातात घेऊन उभा होता. त्याला कुणी पाहिलं नाही.

"काल, मित्सु, सव्वातेरा."

"आणि आज? आज रेडिओ बिघडला नव्हता ना?"

"नव्हता. बटणावर बोट ठेवून बसलो होतो. दाबवलं नाही." त्याने आता मान वर केली आणि पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"आज चौदा."